नजर वर, सायकल खाली

मुंगीला मुंगी हे नाव तिच्या बाबाने ठेवलं होतं, ते आकारावरून नव्हे, चालीवरून. ही मुलगी सगळं मुंगीच्या पावलांनी करायची. एक घास एवढा वेळ चावायची, की समोरचा माणूस जेवून, हात धुऊन परत तिच्याशेजारी येऊन बसायचा. बुटांच्या नाड्या बांधायला बसली, की बाकीचे जिना उतरून, फाटकापाशी उभे राहून, तिच्या नावाने हाका मारून दमायचे. शाळेत तिला 'सावकाश एक्सप्रेस' म्हणत. ती चिडायची नाही. चिडायलाही तिला वेळ लागायचा.

अशा मुलीच्या शाळेने क्रीडादिनाला हळू सायकलची शर्यत ठेवली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. जो शेवटी पोचेल तो पहिला. पाय जमिनीला लागला की बाद. रेघेबाहेर जायचं नाही, मागे यायचं नाही, थांबल्यासारखं करत पुढे सरकायचं. मुंगी इमारतीमागच्या बोळात रोज सराव करू लागली. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जीभ दातांत धरलेली. आणि सायकल जणू कुठे जावं याचा विचार करत उभी असलेली. एकदा मागून येणारा दूधवाला सायकलवरून उतरला, चालत तिच्या पुढे गेला आणि वळून म्हणाला, "अगं बाई, तू पोचेपर्यंत माझ्या दुधाचं दही होईल."

आजीला मात्र या आनंदात एक कुसळ टोचत होतं. शर्यतीच्या वेळी ती मैदानावरच असणार होती, मुंगीपासून हाकेच्या अंतरावर. आणि तिला शर्यत बघता येणार नव्हती.

त्याचं असं होतं. मुंगीचा बाबा, म्हणजे आजीचा जावई, ड्रोन उडवून चित्रण करायचा. लग्नं, नव्या इमारती, शाळांचे कार्यक्रम, जे सांगाल ते. मागच्या वर्षी कुठल्याशा मेळाव्यात कोणाचा तरी ड्रोन गर्दीत कोसळला, एका बाईच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि राज्याने नवा कायदा केला. उडवणाऱ्याकडे परवाना हवा. जमलेल्या माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही. अंधार पडला की खाली. आणि जिथे माणसं जमली असतील तिथे उडवणाऱ्याच्या जोडीला आणखी एक माणूस हवा, ज्याने ड्रोनवरून नजर काढायचीच नाही. कारण उडवणारा हातातल्या पडद्यात बघत असतो. पडद्यात ड्रोनला काय दिसतंय ते कळतं. ड्रोन कुठे आहे, आजूबाजूला तार आहे की झाड आहे की घार आहे, ते कळत नाही. कायद्याने या दुसऱ्या माणसाला 'निरीक्षक' म्हटलं होतं. घरात त्याला नुसतं 'नजर' म्हणत.

जावयाने आधी दोन तरुण ठेवून पाहिले. एकाचा मोबाइल वाजला की त्याची मान आपोआप खाली जायची. दुसऱ्याची मान मोबाइल न वाजताही खाली जायची, कारण खाली नटूनथटून आलेल्या मुली असायच्या. शेवटी आजी म्हणाली, "जावईबापू, मी येते की."

आजीची उभी हयात नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर गेली होती. जीवरक्षक म्हणून. उंच खुर्चीवर बसायचं आणि पाण्यावरून डोळे काढायचे नाहीत. कोणी विचारलं, "बाई, किती वाजले?" तर पाण्याकडे बघतच म्हणायचं, "घड्याळ भिंतीवर आहे."

"तीच तर नोकरी," ती जावयाला म्हणाली. "तेव्हा मान खाली होती, आता वर. मानेला तेवढाच बदल."

दोघांनी सरकारी कार्यालयात जाऊन परीक्षा दिली, दोघं पास झाली, आणि सासू-जावयाची जोडी कामाला लागली. त्यांची एक पद्धत पडून गेली होती. तो पडद्यात बघत मधूनमधून विचारायचा, "आहे?" ती वर बघत म्हणायची, "आहे." म्हणजे मला दिसतोय, जिथे असायला हवा तिथेच आहे, चालू दे. दिवसभर हेच. आहे? आहे. आहे? आहे. मुंगीची आई म्हणायची, "तुम्ही दोघं झोपेतसुद्धा एकमेकांना उत्तरं द्याल."

मुंगीला हे नियम तोंडपाठ होते, पण पाठ असणं वेगळं आणि पटणं वेगळं. एकदा तिने विचारलंच, "डोक्यावरून का नाही उडवायचं? बाबाचा ड्रोन कधीच पडत नाही."

 आजीने स्वयंपाकघरातून एक कोबी आणला, मुंगीच्या हातात दिला. "किती जड आहे?"

"आहे जरासा जड."

"बाबाचा ड्रोन साधारण एवढाच. चल."

दोघी गच्चीत गेल्या. खालचं अंगण मोकळं आहे ना, ते आजीने मुंगीलाच दोनदा बघायला लावलं. मग म्हणाली, "सोड." मुंगीने कोबी सोडला. फटकन आवाज झाला आणि तळमजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. कोबीची शकलं त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती.

"सोडलास तेव्हा खाली कोण होतं?" आजीने विचारलं.

"कोणीच नाही."

"म्हणून आता आपण नुसती त्याची भाजी करायची आहे," आजी म्हणाली. "चल, गोळा करू. काकूंना पण एक वाटी देऊ, त्या घाबरल्यात."

 रात्री भाजीचा घास चावता चावता मुंगी म्हणाली, "आजी, आपण बरोबर करतो." आजीला वाटलं, चला, हे शिकवणं फुकट गेलं नाही.

पण क्रीडादिनाच्या आदल्या संध्याकाळी तीच मुंगी सायकलची साखळी पुसता पुसता म्हणाली, "आजी, तू बघशील ना मला?"

आजीने खोटं बोलायचं टाळलं. "नाही गं. मी वर बघणार."

"सगळा वेळ?"

"तो हवेत आहे तेवढा सगळा वेळ."

"आणि बाबा पडद्यात बघणार."

"बाबा पडद्यात. तुझंच तर चित्रण. आईची दवाखान्यात ड्यूटी आहे उद्या, ती रात्री बघेल, मीही बघेन तिच्याबरोबर."

मुंगीने फडकं खाली ठेवलं. "चित्रणात मी नसते. चित्रणात माझा भांग असतो."

हे काही खोटं नव्हतं. बाबाने शाळेचे आजवर जेवढे कार्यक्रम टिपले, त्या सगळ्यांत मुंगी म्हणजे वरून दिसणारा एक काळा गोल आणि त्यात एक पांढरी रेघ.

"मग दुसऱ्या कोणाला तरी नजर कर," मुंगी म्हणाली. "फक्त माझ्या शर्यतीपुरतं."

"परीक्षा दिलेलं माणूस लागतं, बाळा. शाळेत कोणी नाही. मी विचारून आले."

"मग तेवढा वेळ उडवू नका."

यावर आतून बाबाचा आवाज आला. "अगं, मग आई काय बघणार? ती नर्सबाई सकाळपासून माझ्या मागे लागलीय, हळू सायकल नीट घे म्हणून."

मुंगीने यावर वाद घातला नाही. ती आतून कंगवा घेऊन आली आणि आईसमोर पाठ करून बसली. "उद्या माझा भांग वाकडा पाड. एकदम वाकडा, सापासारखा. म्हणजे निदान कोणती मी ते तरी कळेल."

आई हसली आणि तिथल्या तिथे कंगव्याच्या टोकाने नागमोडी भांग पाडून बघू लागली. आजीला हसू आलं नाही. आजीला आठवला तो तलाव. मुंगीची आई त्याच तलावात पोहायला शिकली होती. पहिल्यांदा तिने न थांबता या काठापासून त्या काठापर्यंत पोहून दाखवलं आणि ओरडली होती, "आई, बघितलंस?" आणि आजी खुर्चीवरून म्हणाली होती, "हो." पण बघितलं होतं ते सगळं पाणी. त्या पाण्यात आपली एक आहे, हे माहीत होतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सकाळपासून गडबड होती. खेळाच्या सरांनी फक्कीने रेघा मारल्या होत्या. एका बाजूला पालकांच्या खुर्च्या, त्यांच्या शेजारी सतरंज्यांवर बालवर्गातली चिमुरडी ओळीने बसवलेली. मधल्या रिकाम्या पट्ट्याच्या वर ड्रोनने फिरायचं, सतरंज्या आणि खुर्च्यांच्या वर यायचं नाही, असं बाबाने आणि आजीने सकाळीच चालून ठरवलं होतं. पळण्याच्या शर्यती झाल्या, लंगडी झाली, पोत्यातली उडी झाली. आहे? आहे. आजीने यातलं काही पाहिलं नाही. तिने निळं आभाळ पाहिलं आणि त्यात गुणगुणणारा एक काळा ठिपका.

मग कर्ण्यावरून सर म्हणाले, "हळू सायकल! स्पर्धकांनी रेघेवर यावं!"

आजीने मान जराशी ताठ केली. शिट्टी वाजली. पालकांमधून हसण्याच्या लाटा येऊ लागल्या, कारण शर्यत सुरू होऊनही कोणी हलत नव्हतं.

"आहे?"

"आहे."

"पहिला बाद!" सर कर्ण्यातून ओरडले. "याचा पाय लागला! दुसरी बाद!"

"आहे?" बाबाने विचारलं. त्याचा आवाज जरा वेगळा होता, आतून फुगल्यासारखा. "आई, आपली अजून टिकून आहे. भांग दिसतोय मला. काय झकास चालवतेय हो!"

"आहे," आजी म्हणाली.

"तिसरा बाद! आता राहिले दोघं! शाब्बास, सावकाश एक्सप्रेस!"

आणि आजीची मान खाली आली. तिने आणली नाही, आली. समोर, अगदी समोर, मुंगी होती. तिचं नाक घामाने चमकत होतं, भुवया वर चढल्या होत्या, आणि सायकल तिच्याखाली अशी थरथरत होती, जणू तिनेच सायकलला हलू नको म्हणून दटावून ठेवलं होतं. असं सुंदर आजीने बऱ्याच दिवसांत काही पाहिलं नव्हतं.

"आहे?" बाबाने विचारलं.

"आहे," आजीचं तोंड म्हणालं.

तोंडच म्हणालं. डोळे मुंगीवर होते. इतक्या दिवसांची सवय. प्रश्न आला की उत्तर गेलंच. आणि उत्तर ऐकून बाबा निर्धास्त झाला, आणि आपल्या लेकीच्या नागमोडी भांगामागे ड्रोन नेत राहिला. मुंगीची रांग सगळ्यांत कडेची, सतरंज्यांना लागून होती; ती जशी पुढे सरकत होती, तसा तोही तिकडे सरकत होता.

आजीला कळलं ते आवाजावरून. गुणगुण समोरून यायला हवी होती, ती डावीकडून येत होती. तिने झटकन वर पाहिलं. ठरलेल्या जागी आभाळ रिकामं होतं.  तलावावर डोकी मोजताना एक कमी भरावं, तसं.

"नाही!" ती म्हणाली. "नाही, नाही. थांबवा."

बाबाने हात जागीच रोखले. ड्रोन हवेत स्थिर झाला. आजीच्या डोळ्यांनी तो शोधला तेव्हा तो बालवर्गाच्या बरोबर वर होता. खाली चिमुरडी माना वर करून त्याला टाटा करत होती. एका मुलाने तर झेलायला दोन्ही हात पुढे केले होते.

आजीचा आवाज चढला नाही. "उजवीकडे घ्या. सावकाश. अजून. अजून थोडा. आता मैदानावर आला. सरळ मागे. आता उतरवा."

ड्रोन मैदानाच्या टोकाला त्याच्यासाठी आखलेल्या गोलात उतरला, पंखे थांबले. कोणाला काही झालं नाही. एका खुर्चीवरचा कागद तेवढा उडाला.

"काय झालं आई? घार होती का?"

"घार नव्हती," आजी म्हणाली. "मी न बघता 'आहे' म्हटलं. मी मुंगीकडे बघत होते."

बाबा तिच्याकडे बघत राहिला. सासूच्या तोंडून असं वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि मी पट्टा सोडून हिच्या डोक्यामागे गेलो. तुम्ही 'आहे' म्हटलंत म्हणून नाही हो. मला रेघ दिसत होती खाली. मी बघितलीच नाही."

 मागून पालक ओरडत होते, "अरे, उडवा की परत! शेवटचे दोघं राहिलेत!" मुख्याध्यापिकाबाई लगबगीने आल्या. "काय हो, बॅटरी संपली का? हीच तर खरी मजा आहे, हे राहायला नको."

बाबा आजीच्या कानाशी येऊन म्हणाला, "कोणाच्या लक्षात आलेलं नाही. दोन मिनिटं घेऊ का? हिच्या आईला काय सांगू मी?"

 याचं उत्तर त्यालाच द्यायला हवं होतं. परवाना त्याचा होता, आणि हात पुढे करून बसलेलं ते पोरही त्याला तिथून दिसत होतं. त्या पोराने अजून हात खाली घेतले नव्हते. शेजारची मुलगी त्याला म्हणत होती, "अरे, तो गेला," आणि तो म्हणत होता, "येईल परत."

बाबाने खाली वाकून बॅटरी काढली आणि खिशात टाकली.

"बाई, आज आता उडणार नाही," तो मुख्याध्यापिकांना म्हणाला. "माझा ड्रोन मुलांच्या डोक्यावर गेला होता. नियमाप्रमाणे बंद करावं लागतं आणि कार्यालयाला कळवावं लागतं. घरी गेल्यावर कळवतो."

"अहो, पण पडला कुठे?"

"नाही पडला. म्हणूनच उभा राहून बोलतोय तुमच्याशी."

बाईंनी सतरंज्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. बरं केलंत." आणि जरा थांबून, "किती दिवस बंद ठेवतील तुम्हाला?"

"ठेवतील तितके. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल बहुतेक. दोघांनाही."

"मी पास होईन," आजी म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा, जावईबापू."

बाबाला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच त्याने सुस्कारा टाकला. मग दोघांच्या एकदम लक्षात आलं, की मैदानावरचा आरडाओरडा अजून चालूच आहे.

पळण्याची शर्यत असती तर एव्हाना बक्षिसं वाटून झाली असती. पण ही हळू सायकल होती. ड्रोन उतरला, बॅटरी निघाली, बाईंशी बोलणं झालं, आणि मुंगी आपली होती तिथून हातभर पुढे आली होती. दुसरा स्पर्धक, वरच्या वर्गातला एक लंबूटांग मुलगा, घामाघूम होऊन शेवटच्या रेघेच्या अगदी तोंडाशी पोचला होता. मुंगीने नुसतं टिकायचं होतं.

आजीने पाहिलं. बाबाने पाहिलं. पडदा हातात नव्हता, मान वर करायची नव्हती. बाबा फक्कीच्या रेघेपर्यंत गेला आणि उकिडवा बसला, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर. "आई," तो हळूच म्हणाला, "हिच्या हनुवटीला खळी पडते?"

"जन्मापासून," आजी म्हणाली.

तेवढ्यात मुंगीने मान वर केली. तिला दिसलं, की आजी तिच्याकडे बघतेय. तिने बाबाला शोधलं. बाबाही बघत होता, सरळ. दोघंही. एकदम. मुंगीचं तोंड कानापर्यंत फाकलं, पुढचं चाक वळलं, सायकल कलंडली आणि तिचा पाय टेकला.

"बाद!" सर ओरडले. "पहिला नंबर, वरच्या वर्गाचा!"

लंबूटांग मुलाला खरंच वाटेना. तो सायकल टाकून मित्रांकडे धावला. आजी आणि बाबा चोरासारखे उभे राहिले. मुंगी सायकल हाताने ओढत त्यांच्याकडे आली. आज पहिल्यांदाच ती भराभर चालत होती.

"असं दोघांनी एकदम बघायचं असतं का?" ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसूही अजून पुरतं विझलं नव्हतं. "मी जिंकत होते!"

"चुकलंच आमचं," बाबा म्हणाला. "आज आमचा चुकायचाच दिवस आहे."

"आणि ड्रोन खाली का?"

आजीने तिला सांगितलं. काही वगळलं नाही. मुंगीने सगळं ऐकून घेतलं, मग सतरंज्यांकडे बघितलं.

"कोबी," ती म्हणाली.

"हो," आजी म्हणाली. "कोबी."

मुंगीने बराच वेळ विचार केला. मैदान रिकामं होऊ लागलं होतं; सर फक्कीचा डबा उचलत होते, चिमुरडी एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करून निघाली होती. दुसरं कोणी असतं तर रुसून घरी गेलं असतं. मुंगीने सायकल वळवली आणि पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर नेऊन उभी केली.

"आता एकेकाने बघायचं," तिने फर्मावलं. "आधी आजी. बाबा, तू पाठ कर."

"अगं, पण मी..."

"तुझा नंबर नंतर. पाठ कर म्हटलं ना."

बाबा निमूटपणे वळला आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आजी गवतावर बसली, पाय पसरले, मान अगदी आरामात खाली सोडली. मुंगीने सीटवर बूड टेकवलं आणि सायकल हलली, म्हणजे हलली नाही.

"झालं का?" थोड्या वेळाने भिंतीकडून आवाज आला.

"कसलं होतंय," आजी म्हणाली. "आत्ताशी पुढच्या चाकाने रेघ ओलांडलीय."

"आता?"

"आता ती ओठ चावतेय. डावा कोपर बाहेर आलाय. तुमच्यासारखाच."

"माझा कोपर असा येतो?"

"काहीतरी मन लावून करत असलात की येतो. बोलू नका, तिला हसू येतंय."

 मग, भिंतीकडेच बघत, बाबाने फार हळू आवाजात विचारलं, "आणि आता?"